रंगाचा रकाना

संक्रांत झाली की चार-पाच दिवसांनी चाचा कुंभाराकडून उरलेली सुगडं घेऊन यायचे. चांगली डझनभर. प्रयोगशाळेच्या ओट्यावर ती ओळीनं मांडायचे, प्रत्येकात काठोकाठ पाणी भरायचे आणि चहाला निघून जायचे. परत आले की एकेक सुगड उचलून त्याच्या बुडाला तळहात लावून बघायचे. ज्याचं बूड नुसतं ओलसर लागे ते ठेवायचं. ज्याचे थेंब गळत ते बाद. कोरडं ठणठणीत राही तेही बाद.

"लई भाजलंय हे," कोरडं सुगड बाजूला सारत ते म्हणायचे. "ह्याच्यातनं आत काय जायचं न्हाय, भाईर काय यायचं न्हाय. ह्यात तुळस लावा मॅडम."

मी धाराशिवला राहते आणि बेंबळीच्या बाजूच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. रोज बसनं जाणं-येणं. बावीस वर्षं झाली. चाचा तिथले प्रयोगशाळा परिचर होते, माझ्याही आधीपासूनचे. दहावीपर्यंत शिकलेले, अंगानं काडीसारखे, उंच. मुलं त्यांना चाचा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. मी रुजू झाले त्या आठवड्यात आम्ल आणि पाणी उलट्या क्रमानं मिसळायला निघाले होते. पोरांसमोर काही न बोलता त्यांनी माझ्या हातापुढची बाटली उचलली, "ही आदी पुसून घेतो," म्हणून घेऊन गेले आणि पाण्याचं चंचुपात्र माझ्यापुढं सरकवलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. पुढं इतक्या वर्षांत त्यांनी ती गोष्ट एकदाही काढली नाही.

सुगडं लागायची विद्युत घटासाठी. आत झिंक सल्फेटचं पाणी आणि जस्ताची कांडी, बाहेर मोरचुदाचं निळं पाणी आणि तांब्याची पट्टी, मध्ये भिंत म्हणून हे मातीचं भांडं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळायला नकोत, पण अगदी तुटायलाही नकोत. पुरवठादाराच्या यादीत यासाठी वेगळं भांडं मिळतं. आमच्याकडं ते कधी आलं नाही. चाचांची सुगडं त्याच्यापेक्षा चांगली चालायची, असं मी आजही म्हणेन.

पुस्तकातल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास कमी. बारावीच्या पुस्तकात सगळीकडं पंचवीस अंश तापमान धरलेलं असतं. आमच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत मार्चमध्ये थर्मामीटर चाळीस दाखवायचा.

"मॅडम, हे पुस्तक ल्हिणारा कदी बेंबळीच्या ष्ट्यांडवर उतरलाय का?" ते विचारायचे.

"तुलना करायला एक काहीतरी ठरवावं लागतं, चाचा."

"ठरवा की. पर ठरवलं म्हनून हितं गार हुतंय का?"

मी हसून पुढं जायचे. शिकवायला अभ्यासक्रम असतो आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो.

आता दुसरी गोष्ट. गावात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडं लोक आणखी एक काम घेऊन येतात. रक्ताचे रिपोर्ट. रिपोर्ट इंग्रजीत असतो, आकड्यांत असतो आणि त्यात सोडियम, पोटॅशियम असे शब्द असतात. ते शब्द फळ्यावर लिहिणारी बाई गावात असताना डॉक्टरकडं पुन्हा कोण जाणार? शिपाई आणायचे, मुलांच्या आया आणायच्या, मराठीचे सरसुद्धा आणायचे. मी आधी सांगून बघितलं की मी डॉक्टर नाही. "नुसतं बघा," असं म्हणत लोक. मग मी बघायला लागले. प्रत्येक ओळीत एक आकडा असतो आणि शेजारी छापलेली हद्द असते, इतक्यापासून इतक्यापर्यंत नॉर्मल. आकडा हद्दीत असला की मी टिक करायचे. बाहेर असला की गोल करून म्हणायचे, हे डॉक्टरांना दाखवा. पेन लालच असायचं, कारण हातात बहुतेक वेळा उत्तरपत्रिका असायच्या. लोकांना ती लाल टिक फार आवडायची. घडी घालून खिशात ठेवताना त्यांचा चेहरा पास झालेल्या मुलासारखा व्हायचा. मलाही ते बघायला आवडायचं, हे नाकारत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी बारावीला गिब्जची मुक्त ऊर्जा शिकवत होते. एखादी अभिक्रिया आपली आपण पुढं जाईल की नाही, हे सांगणारी ही राशी. तिला डेल्टा जी म्हणतात. उणे असली की अभिक्रिया पुढं जाते, शून्य झाली की थांबते. इथपर्यंत मुलांना समजतं. गोंधळ पुढं होतो, कारण पुस्तकात दोन डेल्टा जी आहेत. एकाच्या डोक्यावर बारीक शून्य आहे. तो स्टँडर्ड. प्रत्येक द्रावण बरोबर एक मोलर, म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचं आहे, वायू ठरलेल्या दाबाला आहेत असं धरून काढलेला. तो तक्त्यात छापलेला असतो आणि त्या तापमानाला कायम तोच राहतो. दुसरा, बिनशून्याचा, तो आत्ता या भांड्यात काय चाललंय त्याचा. किती माल उरला, किती तयार झाला, यांचं गुणोत्तर बघून पहिल्यात भर घालायची किंवा वजा करायचं, तेव्हा तो मिळतो. मुलं काय करतात, तर तक्ता बघतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात. अभिक्रिया होईल. अभिक्रिया होणार नाही. मी वर्षानुवर्षं त्या उत्तरांवर लाल रेघ मारून लिहीत आले, "प्रत्यक्ष स्थिती कुठं आहे?"

त्या वर्षी मी ठरवलं, हे डोळ्यांनी दाखवायचं. घटाचा व्होल्टेज आणि डेल्टा जी ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत, एकावरून दुसरं निघतं. म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर चाचांनी एक घट मांडला, त्याला एक रेझिस्टर जोडून चालू ठेवला. रोज मधल्या सुट्टीत दोन मुलींनी तार काढायची, व्होल्टमीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा, तार परत जोडायची. घट संपेपर्यंत. वहीत मी तीन रकाने आखले. तारीख, व्होल्टेज, सही.

दुसऱ्या दिवशी बघते तर चौथा रकाना आखलेला. पट्टीनं, नीट. वर लिहिलं होतं, "रंग". पहिल्या ओळीत चाचांच्या वळणदार अक्षरात, "निळा, गडद".

"हे कशाला?" मी विचारलं.

"पोरी आकडा बघतील. म्या रंग बघतो."

"रंगाला मार्क नाहीत, चाचा."

"मला तर कशालाच न्हाईत."

मी रकाना राहू दिला.

पहिल्या दिवशी एक पूर्णांक दहा. दोन्ही पाणी एक मोलरची होती, म्हणजे पहिल्या दिवशी तक्त्यातला आकडा आणि भांड्यातला आकडा एकच. दुसऱ्या दिवशी एक दहा. चौथ्या दिवशीही एक दहा. मुली कंटाळल्या.

"मॅडम, हे कायच करंना गेलंय," एक म्हणाली. "सेल लई चांगला हाय."

"थांबा जरा," मी म्हटलं.

दहाव्या-अकराव्या दिवशी एक नऊ दाखवू लागला, म्हणजे एक पूर्णांक शून्य नऊ. चाचांच्या रकान्यात तोवर "निळा, गडद" जाऊन "निळा", मग "निळा, उतरता" आलं होतं.

त्याच आठवड्यात चाचांनी त्यांचा स्वतःचा रिपोर्ट आणला. मी तास संपवून उत्तरपत्रिका तपासत होते. ते दारात उभे राहिले. इतरांचे रिपोर्ट ते स्वतःच वशिल्यानं माझ्यापर्यंत आणायचे, स्वतःचा पहिल्यांदाच.

"जरा बघा की मॅडम."

"काय झालं?"

"झालं काय न्हाय. सांजच्याला चप्पल बसत न्हाय पायात. सकाळच्याला डोळे सुजल्यावानी. आमची मंडळी म्हनली, रगत तपासा. तपासलं."

"दिवसभर उभे असता. पाय सुजणारच. गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या चालूच हायेत. त्यांच्याबिगर जिना चढत न्हाय."

मी रिपोर्ट घेतला. लाल पेन हातात होतंच. हिमोग्लोबिन जरा कमी, पण हद्दीत. टिक. साखर, टिक. युरिया, टिक. क्रिएटिनिन एक पूर्णांक तीन. हद्द शून्य सात ते एक चार. टिक.

"सगळं नॉर्मल आहे," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद अर्धा बाहेर काढला. "मागचा बी आनलाय. शिबिर झालं हुतं ना जानेवारीत, तवाचा."

"मागचा कशाला? आजचा चांगला आहे ना?"

"व्हय. मंग न्हाय लागत." त्यांनी कागद परत सारला. "म्हंजी मी पास."

"डिस्टिंक्शन," मी म्हटलं आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.

ती उत्तरपत्रिका कुणाची होती, तिला किती गुण दिले, हे मला आजही आठवतं. त्या कागदाच्या अर्ध्या बाहेर आलेल्या भागावर काय लिहिलं होतं ते मात्र मी बघितलं नाही.

घटाला पंधरा दिवस झाले तेव्हा मी तो वर्गात समोर घेऊन तास घेतला. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी एक. फळ्यावर सूत्र लिहिलं, मुलांकडून गणित करून घेतलं. निम्मं मोरचूद संपल्यावर व्होल्टेज किती? मुलांना वाटलं, निम्मा. शून्य पंचावन्न. गणित केलं तर एक पूर्णांक शून्य नऊच्या जरा खाली. वर्गात गडबड झाली. शंभरातले नव्वद भाग संपल्यावर? एक शून्य सहा. नव्याण्णव भाग संपले, एकच उरला? एक शून्य तीन.

"चुकलंय मॅडम," मागच्या बाकावरची म्हणाली.

"पुन्हा कर."

तिनं केलं. तेच आलं. सूत्रात लॉगॅरिदम आहे. गुणोत्तर दहापट झालं तरी काटा जेमतेम तीन शतांश उतरतो. काटा तुम्हाला जवळजवळ शेवटपर्यंत चांगलंच सांगत राहतो आणि शेवटच्या थोड्या अंतरात एकदम कोसळतो. आणि संपल्यावरसुद्धा तक्त्यातला स्टँडर्ड आकडा तसाच राहतो, कारण तो या भांड्याबद्दल कधी बोलतच नव्हता. हे सगळं मी सांगितलं. फळ्यावर अधोरेखित केलं. या माझ्याच तोंडच्या ओळी आहेत.

चाचा दाराशी टेकून ऐकत होते. त्यांनी चंचुपात्र उचलून उजेडात धरलं. पाणी जवळजवळ पांढरं झालं होतं. "पोरींनो, काटा म्हनतोय पास," ते म्हणाले, "पर पोट रिकामं झालंय ह्याचं."

वर्ग हसला. मी पण हसले. त्या दिवशीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "पाण्यावानी". शेजारी मुलींचा आकडा, एक पूर्णांक शून्य तीन. तीन दिवसांनी व्होल्टमीटर शून्य चारवर आला आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा चाचा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण मला ओळखायला क्षणभर लागलं. काडीसारख्या माणसाचा चेहरा गोल झाला होता. पायात चपलांऐवजी घरच्या रबरी सपाता, त्याही टाचेपर्यंत न गेलेल्या. मी तास सोडला आणि त्यांना घेऊन दुपारच्या बसनं धाराशिवला आले. ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. बसमध्ये ते खिडकीला डोकं लावून झोपले होते. मी पहिल्यांदा त्यांना बसलेलं, नुसतं बसलेलं, इतका वेळ बघत होते.

डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी आकडा आला, क्रिएटिनिन नऊच्या वर. त्यांनी जुने कागद मागितले. चाचांनी पिशवी दिली. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जानेवारीचा शून्य आठ. पावसाळ्यातला एक तीन.

"हा आकडा अर्धी किडनी जाईपर्यंत हद्दीतच राहतो," डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, कारण मी शिकलेली दिसत होते. "आणि यांच्यासारख्या बारीक अंगाच्या माणसाला एक तीन नॉर्मल नसतोच. सहा महिन्यांत शून्य आठवरून एक तीन झाला, इथंच थांबवायला पाहिजे होतं. दुखण्याच्या गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या असत्या तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि कागदावर बोट ठेवलं. "ही लाल टिक कुणी केली?"

मी तोंड उघडलं होतं. हे मला स्वतःशी खात्रीनं सांगता यावं असं फार वाटतं.

"घरातल्या पोरानं," चाचा म्हणाले. "शाळा शाळा खेळत हुतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि औषधं लिहायला घेतली. चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. पहिल्या आठवड्यात माझ्यापुढची बाटली उचलताना त्यांचा चेहरा असाच होता.

मी तेव्हा बोलले नाही. बाहेर आल्यावर रिक्षात बोलले नाही. मग ठरवलं, सांगायचं. त्यांना माहीत होतं हे मला माहीत होतं, पण तरी माझ्या तोंडून जायला हवं होतं की चाचा, चूक माझी. मी तक्ता बघितला, तुम्हाला बघितलं नाही. एवढी दोन वाक्यं.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, धाराशिवलाच. कॉलेज सुटल्यावर घरी जाताना मी दवाखान्यात डोकावायचे. चार तास ते पलंगावर पडून असायचे, हाताला दोन नळ्या. एकदा त्यांची बायको डबा आणायला बाहेर गेली होती. मी खुर्ची ओढली.

"चाचा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"खिडकीजवळचा सेल काडला का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"काडा. सुगड धुवा आदी, तीन-चार पान्यात. न्हाय तर भोकं बुजतेत. पुढच्या बारीला चालंल."

"धुते. चाचा, तो रिपोर्ट..."

"आनि त्यो रकाना," ते डोळे मिटूनच म्हणाले, "पोरींना सांगा, ठेवा. आता म्या न्हाय बघायला."

"तुम्ही या परत. मग बघा."

"व्हय," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मशीनवर एक हिरवा आकडा होता, तो बदलत होता. नर्स आली, तिनं आकडा लिहून घेतला, त्यांच्या पायाला बोटानं दाबून बघितलं, खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं आणि तेही लिहिलं. मी उठले. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणून घरी आले. पुढच्या खेपा सहा-सात झाल्या. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी तिथं होतं, किंवा ते झोपलेले होते, किंवा मी बसायच्या आत उठले.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिकं सुरू होती. बाहेरचे परीक्षक आले होते. मुलींचं टायट्रेशन चाललेलं असताना शिपाई दारात आला. त्यानं सांगायच्या आधीच मला कळलं, कारण तो कधी आत यायला परवानगी मागत नसे आणि त्या दिवशी त्यानं मागितली. मी परीक्षा पूर्ण केली. शेवटच्या मुलीचं रीडिंग तपासलं, सही केली. मग गेले. पुरुष कबरस्तानाकडं गेलेले होते.

चाळीस दिवस झाल्यावर मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. या वेळी एकटीच, ठरवून. भाभी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपुढं भाकऱ्या करत होती. उठू लागली, मी बसवलं आणि शेजारी पाटावर बसले. इकडचं तिकडचं बोलले तर पुन्हा राहून जाईल म्हणून आधीच सांगून टाकलं.

"भाभी, पावसाळ्यात चाचांनी रिपोर्ट आणला होता. मी चांगला आहे म्हणून टिक केली. तो चांगला नव्हता."

तिनं भाकरी उलटली.

"हौ," ती म्हणाली. "तुमचीच टिक. घरी आले तवा दाखवली मला. मॅडमनं पास केलं म्हनले."

तिनं पुढचा उंडा थापायला घेतला.

"म्या म्हनत हुते, गोळ्या बंद करा, तोंड सुजाया लागलं. रोज म्हनत हुते. तर म्हनायचे, मॅडमनं पास केलंय, तुला काय समजतंय? दिवाळीपातूर म्हनत हुते." तिनं तव्यावरची भाकरी काढून चुलीच्या कडेला उभी केली. ती फुगली. "जेवून जावा."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही करता आलं असतं. मी जेवले. भाकरी आणि वांग्याचं कालवण. निघताना तिनं पिशवी आणली, त्यातला तो रिपोर्ट काढून मला दिला. "हे ठिवून काय करू? मला वाचाया येत न्हाय." माझी लाल टिक अजून तशीच होती, शाई जरासुद्धा फिकी झाली नव्हती. मी तो घेऊन आले. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. फाडला नाही. लोकांना दाखवतही नाही.

रिपोर्ट अजून येतात. गावात बातमी पसरली नाही, कारण चाचांनी ती पसरू दिली नाही. मी आता पेन खाली ठेवते. मागचा आणलाय का विचारते, काय त्रास होतोय ते विचारते आणि आकडा कसाही असो, डॉक्टरांकडं पाठवते. "मॅडम पयल्यासारखं सांगत न्हाईत," असं एक बाई दुसरीला म्हणताना मी ऐकलं. खरं आहे.

नवीन परिचर अजून मिळालेला नाही. ती जागा रिकामीच आहे. या संक्रांतीनंतर मीच कुंभाराकडं गेले. त्यानं विचारलं, "ते उंच चाचा आले न्हाईत दोन वरसं?" मी सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं, मग आत जाऊन स्टूल आणून दिलं आणि बारा सुगडं पुढं ठेवली. पाणीही दिलं. चाचांनी त्याला त्यांची पद्धत कधीतरी सांगितलेली होती. मी भरली आणि बसून राहिले. अर्ध्या तासानं एकेकाच्या बुडाला तळहात लावला. मला फरक कळेना. सगळीच ओली लागत होती. अंदाजानं सहा घेतली. त्यातली दोन प्रयोगशाळेत गळली, टेबलावर निळा ओघळ आला. चार चालली.

यंदाही खिडकीजवळ घट मांडला. वही नवीन, रकाने चार. एका मुलीनं चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, रंग कशाला? बोर्डाला विचारतेत का?"

"नाही."

"मार्क?"

"नाहीत. लिही."

ती खाली वाकली, डोळे बारीक करून काचेतून बघायला लागली. "निळा," म्हणाली. "निळाच दिसतोय. गडद."

"कालचं काय लिहिलंय ते आधी बघ," मी म्हटलं. "मग लिही."